आबांचं बोट आणि आमचा ग्राइंडर

घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझा पगार विचारला नाही, आडनावावरून गावही काढलं नाही. माझ्या हातात हेल्मेट होतं. त्याच्या काचेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "उजव्या अंगाला कुटंतरी घासलंय." घासलं होतं. दोनच दिवसांपूर्वी, चाकणच्या चौकात, एका टेम्पोला. पण तो ओरखडा बघायला मला स्वतःला काच उन्हात तिरकी धरावी लागली.

घर मिळालं. सामान चढवलं त्या संध्याकाळी ते वर आले ते हातात कानस घेऊनच. आमचं नवं लोखंडी कपाट, शेगडी, ताटाळं, सगळ्यांच्या कडांवरून त्यांचा अंगठा फिरला आणि जिथे पत्र्याची धार राहिली होती तिथे कानस चालली. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी खांदे उडवले. पुढच्या पाच वर्षांत त्या घरात आम्हा दोघांचं बोट पत्र्याने एकदाही कापलं नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

मोशीतली सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, म्हणून आम्हीही आबाच म्हणायला लागलो. मूळचे तिथलेच शेतकरी. जमीन बरीचशी प्लॉटिंगमध्ये गेली, तिच्यावर हे तीन मजली घर उभं राहिलं. पण आबांचा जीव ना जमिनीत होता ना भाड्यात. मिसरूड फुटायच्या वयात ते भोसरीच्या एका कंपनीत टूलरूमला लागले आणि निवृत्त होईपर्यंत सरफेस ग्राइंडरवर उभे राहिले. फिरत्या दगडी चाकाखाली पोलादाचा तुकडा धरायचा आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर उतरवायचा, हे त्यांचं काम. "चार मायक्रॉनची पायरी असंल तर बोटाला कळती," असं ते सांगायचे, तेही काल किती वाजता जेवलो हे सांगावं इतक्या सहज.

मी चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. माझं आयुष्य डिजिटल आकड्यांवर चालतं. मला ही थाप वाटली. म्हणून साहेबांना विचारून एका शनिवारी मी मापाचे दोन ठोकळे घरी आणले. दोन्ही चकचकीत, दोन्ही सारखे, फरक पाच मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. आबांनी ते आरशाच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले, वरून अंगठ्याचं नख ओढलं आणि उजवीकडचा माझ्याकडे सरकवला. "ह्यो उंच हाय." मी ठोकळे पाठीमागे नेऊन अदलाबदल केली. पुन्हा तोच. अशी सहा वेळा. सातव्या वेळी ते म्हणाले, "आता च्या टाका."

कुठलाही वाद निघाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "हाताला इचार." भिंतीचा रंग, रिक्षाचा टायर, साडीचा पोत, सगळं अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये जायचं. गिरणीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की शटर अर्धं खाली ओढायचा, कारण आबा पीठ चिमटीत धरून तिथेच उभे राहायचे आणि ज्वारी परत दळायला लावायचे. काकू, म्हणजे त्यांच्या बायको, आम्हाला म्हणायच्या, "लग्नात ह्यांनी हार घालायच्या आधी हाराची दोरी चेपून बघितली. खोटं वाटत असंल तर फोटू हाय." फोटो होता. खरंच चेपत होते.

कुणाला चांगलं म्हणणं त्यांना जमायचं नाही. फारच आवडलं तर "चालंल" म्हणायचे. काकूंना त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तीन वेळा "चालंल" मिळालं होतं आणि तिन्ही प्रसंग त्यांना तोंडपाठ होते.

आमच्या घरी कॉफी आली ती हिंजवडीहून. बायको तिकडे एका आयटी कंपनीत जाते. तिची टीम लीड कॅनडाला निघाली आणि जाताना घरचं एस्प्रेसो मशीन आणि बिया दळायचा छोटा ग्राइंडर हिला देऊन गेली. आम्ही दोघं लातूरकडचे. आमच्याकडे कॉफी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत दुधात ढवळायची पावडर. पण फुकटची वस्तू आणि तीही परदेशी, म्हटल्यावर मी पंधरा दिवस व्हिडिओ बघून काढले. त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला मशीन सुरू व्हायचं, घरघरायचं आणि दहा सेकंदांत कपभर तपकिरी पाणी ओतून मोकळं व्हायचं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आबा वर आले. त्यांना वाटलं, पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलं. मी त्यांना कप दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हे औषध किती दिस घ्यायचंय?"

मग त्यांचं लक्ष ग्राइंडरकडे गेलं. झालं. ग्राइंडर म्हटल्यावर ते आपलं खातं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. दळलेली कॉफी चिमटीत घेतली, डोळे मिटले, चोळली. "दळण जाड हाय. पानी थांबतच न्हाई, सरळ निघून जातंय. बारीक कर." मी बारीक केलं. आता मशीन गुदमरलं, थेंब पडेना. "एवढं न्हवं. अर्ध्या खुणंनं मागं घे." अर्ध्या खुणेने मागे घेतलं आणि मधासारखी एक बारीक धार कपात उतरली. व्हिडिओवाल्यांनी पंधरा दिवस जे सांगितलं ते आबांनी लुंगीवर उभ्या उभ्या चार मिनिटांत केलं. कॉफी त्यांना तेव्हाही आवडली नाही, दळण आवडलं.

त्या ग्राइंडरचा एक दोष होता. बारीक-जाड करायची त्याची कडी दळताना हादऱ्याने सरकायची, त्यामुळे कडीवरच्या आकड्यांना काही अर्थ नव्हता. काल पाचवर जमलं म्हणून आज पाचवर ठेवावं तर वेगळंच दळण. म्हणजे रोज कुणीतरी हाताने बघून लावायला हवं. आबांना तेच हवं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मुलगा जमिनीच्या धंद्यात, तो पांढऱ्या गाडीतून उतरता उतरता म्हणायचा, "आबा, आता निवांत बसा." निवांत बसणं हा त्यांना अपमान वाटायचा. सकाळी सहा चाळीसला वर येऊन चिमटी चोळायची, हुकूम सोडायचा आणि बायकोची कॅब व माझी कंपनीची बस यायच्या आत खाली उतरायचं, ही त्यांची नवी शिफ्ट झाली. हजेरी एकही दिवस चुकली नाही. गणपतीतसुद्धा आरती अर्धी टाकून वर आले आणि काकूंनी खालून शंख केला.

एकदा मात्र त्यांनी घोळ घातला, आणि तो टूलरूमचा माणूसच घालू जाणे. ग्राइंडरच्या आत पोलादाच्या दोन चकत्या असतात, जात्याच्या दगडांसारख्या, त्यांना दात असतात. मी एका रविवारी सफाईसाठी त्या काढल्या. आबांनी दातांवरून अंगठा फिरवला आणि चेहरा असा केला की जणू कुणी ताटात खडा वाढला आहे. "ह्ये काय फिनिशिंग हाय? एका दाताचा दुसऱ्याला मेळ न्हाई." मी काही बोलायच्या आत चकत्या खिशात गेल्या. जुन्या कंपनीतल्या शिष्याकडून त्यांनी त्या ग्राइंड करून घेतल्या, वर स्वतः पॉलिश केल्या. चार दिवसांनी परत आणल्या तेव्हा त्यांत तोंड दिसत होतं.

बसवल्या, बिया टाकल्या, बटण दाबलं. मोटार फिरली, चकत्या फिरल्या आणि बियाही त्यांच्याबरोबर गोल गोल फिरत राहिल्या. एकसुद्धा फुटली नाही. दातांची धारच गेली होती. आबा पाच मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "बियाच गुळगुळीत हायत." बायको स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसली, म्हणजे पदर नव्हताच, ती पंजाबी ड्रेसमध्ये होती, टॉवेल धरला होता.

पुढचे तीन दिवस आबा जिन्याच्या पायरीवर बसून तेलाच्या दगडाने एक एक दात परत धारेला लावत होते. जेवायलासुद्धा काकूंना ताट पायरीवर आणून द्यावं लागलं. चौथ्या दिवशी जे दळण पडलं ते आधीपेक्षा चांगलं होतं. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "पयल्यापासून ह्येच करायचं व्हतं, मंधी जरा येळ गेला." त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी आपल्या मायक्रोमीटरशेजारी आमचा ग्राइंडरही पूजेला मांडला. झेंडूची एक पाकळी आत राहिली. दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला वेगळाच वास होता, आणि आम्ही तिघांनी तो प्रसाद म्हणून संपवला.

असं चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी माझा दिवाळीचा बोनस आला आणि घरात वाद सुरू झाला. नवं मशीन घ्यायचं की नवा ग्राइंडर? दोन्ही एकदम परवडणार नव्हतं. बायकोला मशीन हवं होतं, वाफेची नळी असलेलं, दुधाचा फेस काढणारं. मलाही तेच हवं होतं, चकचकीत होतं म्हणून. इंटरनेटवर जो तो ग्राइंडर आधी घ्या म्हणत होता. आबा हसले. "दळणाला मी हाय की. मशीन घ्या."

अडचण अशी होती की त्याच सुमारास कॉफी बिघडायला लागली होती. आज धो धो पाणी, उद्या थेंब नाही. आबा चिमटी चोळायचे, "बरुबर हाय" म्हणायचे आणि कप भलतंच सांगायचा. ते कधी पाण्याला दोष द्यायचे, कधी बियांना, कधी मशीनच्या पंपाला. मी मान डोलवायचो. पण दुसऱ्याही गोष्टी दिसत होत्या. त्यांच्या सदऱ्याचं एक बटण रोज चुकीच्या काजात असायचं. खिशातून किल्ली काढताना आधी रुमाल यायचा, मग डबी, मग किल्ली. एकदा मशीनच्या तापलेल्या तोंडाला त्यांचा अंगठा टेकला आणि त्यांनी तो काढलाच नाही. बायको ओरडली, "आबा, हात!" तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि सावकाश हात बाजूला घेतला. "काय न्हाई," म्हणाले. त्या दिवशी बायको कॅबमध्ये बसल्यावर मला फोन करून म्हणाली, "त्यांच्या बोटांना कळत नाहीये रे." मला ते आधीच कळलं होतं. मला ते कळून घ्यायचं नव्हतं. तो माणूस सगळं आयुष्य त्या एका अंगठ्याच्या जोरावर उभा होता, तो अंगठाच गेला म्हटल्यावर काय उरणार, अशी मला भीती वाटायची.

शेवटी आबांनीच तोड काढली. एका शुक्रवारी म्हणाले, "तुमच्या कंपनीत मोजणारा खरा हाय का, ते कसं बघत्यात?" मला आश्चर्य वाटलं, कारण ती पद्धत त्यांच्या काळातही होती. तेच तुकडे तीन माणसांना ओळख न देता पुन्हा पुन्हा मोजायला द्यायचे. माणसाने दर वेळी तेच सांगितलं तर माणूस खरा, नाहीतर त्याच्या मोजण्यावर विसंबायचं नाही. "मंग तसंच करू," ते म्हणाले. "माझं बोट पास झालं तर हाय त्यो ग्राइंडर ठेवा अन् मशीन घ्या. नापास झालं तर ग्राइंडर घ्या. उगं रोज त्वांडाची वाफ नको."

रविवारी सकाळी बैठक बसली. बायकोने हिंजवडीच्या एका कॅफेतून तीन पुड्या दळून आणल्या होत्या, बारीक, मधली आणि जाड. नुसत्या डोळ्यांनी तिन्ही सारख्याच वाटत. प्रत्येकाच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची, नऊ चिमट्या द्यायच्या, तिन्ही पुड्या तीन तीन वेळा, कुठल्याही क्रमाने. मी कंपनीतल्यासारखा तक्ता आखला. आधी माझी पाळी झाली. माझी सहा उत्तरं बरोबर आली. बायकोची आठ आली. "कणीक मळणारा हात हाय," आबा म्हणाले.

मग ते बसले. पहिली चिमटी त्यांनी फार वेळ चोळली. इतका वेळ की अर्धी कॉफी मांडीवर सांडली. "जाड." बारीक होती. दुसरी बरोबर आली. तिसरी चुकली. चौथी बरोबर आली, ती सांगताना त्यांचा आवाज मोठा झाला. नंतरच्या दोन्ही चुकल्या. शेवटच्या तीनला ते थांबलेच नाहीत. चिमटी हातात पडायच्या आत म्हणायचे, "मधलं." तिन्ही वेळा मधलं. त्यातलं एक आपोआप बरोबर आलं.

तक्ता माझ्या हातात होता. मी तिसऱ्या ओळीपासून त्यांची उत्तरं बदलून लिहायला लागलो. मग पहिलंही गिरवून बरोबर केलं. एक चूक मुद्दाम ठेवली, खरं वाटावं म्हणून. नवातली आठ बरोबर. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, मी वर बघितलं नाही. कंपनीत सप्लायरचे असे कागद मी पकडतो आणि परत पाठवतो. त्या वेळी मला वाटलं की आपण फार मोठं मन दाखवतो आहोत. आणि आता कबूल करायला हरकत नाही, नवं मशीन येणार याचा थोडा आनंदही झाला होता.

आबांनी ओढणी सोडली, चष्मा लावला आणि कागद मागितला.

"पोरी, तुझं किती आलं?"

"आठ," बायको हळूच म्हणाली.

"अन् माझंबी आठ." ते ओळीवरून बोट फिरवत होते, मग माझ्याकडे वळले. "शेवटच्या तीन डावाला मी मधलंच म्हनलो. तुझ्या कागदावर मी बारीक म्हनलोय, मंग मधलं, मंग जाड."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो दिला नाही.

"चिमटीत काय हाय ते मला कळतच नव्हतं. कापूस बांधल्यावानी लागतंय. दोन म्हैनं झालं." त्यांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "तुझ्या काकूला इचारलं, तर म्हनती वय झालं, व्हायचंच. पोरगा म्हनतो आता कशाला लागतंय बोट. मला कुणी आकडाच सांगंना. तू तपासनीवाला, म्हनून हे समदं मांडलं. ग्राइंडर घ्या न्हाईतर मशीन घ्या, मला काय करायचंय त्याच्याशी? मला माझं बोट तपासून पायजे व्हतं."

मला लाज वाटली. मी म्हणालो, "आबा, चुकलं. नवा कागद घेतो."

"नवा न्हाई. ह्योच."

कंपनीतला नियम मीच नव्या पोरांना शिकवतो. चुकीचं लिहिलं तर खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. आबा माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. बायकोला त्यांची नऊच्या नऊ उत्तरं लक्षात होती, ती एक एक सांगत गेली. मी रेघ मारत गेलो, लिहीत गेलो, प्रत्येक दुरुस्तीला सही करत गेलो.

"बेरीज कर," आबा म्हणाले.

"तीन, आबा."

"नवात तीन. चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तेवढंच आलं असतं, व्हय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

मला वाटलं आबा खचतील, पण त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी सरळ बोललं होतं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, डाव्या हाताने उजव्याला आधार देत तक्त्याखाली स्वतःची सही केली, आणि कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ग्राइंडर घ्या. आकड्याचा, न सरकनारा," ते म्हणाले. "ह्यो कागद उद्या डॉक्टरला दावतो. त्योबी तुझ्यावानी लई गोड बोलतो."